जांभळे फूल : बागेतले आणि बाटलीतले

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक आजी आल्या. आमवाताच्या जुन्या रुग्ण. नियमित औषधांमुळे दोन वर्षे त्यांचे सांधे शांत होते. त्या दिवशी मात्र दोन्ही मनगटे सुजलेली होती आणि सकाळी तासभर बोटे वळत नाहीत, अशी तक्रार होती. "आजी, गोळ्या चालू आहेत ना?" असे मी विचारले. त्यांनी उत्तर देण्याऐवजी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

"मुलानं अमेरिकेहून पाठवलीय. प्रतिकारशक्तीची आहे म्हणे. झाडपाल्याचीच आहे हो डॉक्टर. ही सुरू केली आणि तुमच्या गोळ्या थांबवल्या. दोन-दोन औषधं कशाला?"

बाटलीवर एका फुलाचे चित्र होते. जांभळट गुलाबी पाकळ्या खाली झुकलेल्या आणि मधोमध केशरी-तपकिरी काटेरी घुमट. ते फूल मी लगेच ओळखले. २०२३ सालच्या उन्हाळ्यात मी पाच महिने इलिनॉय राज्यात मुलीकडे राहिलो होतो. तेव्हा रोज सकाळी तिच्या परसात या झाडांची निगा राखणे हेच माझे काम होते. आपल्या गावातली पुष्कळ मुले आता तिकडे आहेत. त्यांच्याकडून अशा बाटल्या येतात आणि आई-वडीलही चार-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. म्हणून आज या फुलाविषयी.

माळावरचे फूल

तिकडे याला कोनफ्लॉवर म्हणतात, कारण मधला भाग शंकूसारखा असतो. शास्त्रीय नाव एकिनेशिया. ग्रीक भाषेत काटेरी अंगाच्या प्राण्यासाठी जो शब्द आहे, त्यावरून हे नाव पडले. घुमटावरून बोट फिरवले की नाव का पडले ते कळते. कुळ आपल्या ओळखीचेच आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती यांचे.

हे झाड मूळचे उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातले. इलिनॉय, आयोवा, नेब्रास्का या भागांत पूर्वी मैलोन्‌मैल गवताळ माळ होते. नांगर आला, मका आणि सोयाबीन आले, आणि इलिनॉयमधल्या मूळ माळाचा एक टक्काही आज उरलेला नाही. टेनेसी राज्यातली या फुलाची एक जात तर १९७९ साली संकटग्रस्त म्हणून जाहीर करावी लागली. लोकांनी आणि सरकारने जपल्यामुळे ती सावरली आणि २०११ साली त्या यादीतून बाहेर आली. म्हणून तिकडे अनेक जण हौसेने आणि थोड्या कर्तव्यबुद्धीनेही परसात हे देशी फूल लावतात.

लावायचे कसे?

मुलीने आदल्या काही वर्षांत बी लावून ताटवा तयार केला होता. तिची रीत अशी. बी हिवाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे नोव्हेंबरात, उघड्यावर पेरायचे. जेमतेम झाकेल इतकीच माती वर टाकायची. बर्फाखाली ते निजते आणि वसंतात उगवते. पेरणी राहून गेली तर बी ओलसर वाळूत मिसळून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवायचे आणि मग लावायचे. जांभळी जात थंडीशिवायही उगवते, पण गारवा मिळाला की उगवण चांगली होते. अरुंद पानांच्या जातीला मात्र ही थंडीची झोप हवीच.

जागा उन्हाची हवी, दिवसातून निदान सहा तास. माती कशीही चालते, पण पाणी साचता कामा नये. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवायचे. पहिल्या वर्षी झाड मुळे धरते. फुले बहुधा दुसऱ्या वर्षी, जुलै-ऑगस्टमध्ये येतात. थंडीत वरचा भाग वाळतो, पण मूळ जिवंत राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा फुटते. तीन-चार वर्षांनी जांभळ्या जातीचा गड्डा फोडून दोन-तीन झाडे करता येतात. अरुंद पानांच्या जातीचे सोटमूळ खोल जाते, तिला हलवलेले सोसत नाही.

इथे माझी चूक सांगतो. आपल्याकडची सवय म्हणून मी नव्या रोपांना सकाळ-संध्याकाळ पाणी घातले, वर मूठ-मूठ खतही दिले. तीन आठवड्यांत चार रोपे पिवळी पडून बुडाशी कुजली आणि उरलेली लांबट होऊन लोळू लागली. शेजारच्या अमेरिकन आजीबाईंनी कुंपणावरून पाहिले आणि म्हणाल्या, "माळावरचं झाड आहे ते, त्याला इतके लाड नकोत." पुढे मी बोट मातीत खुपसून कोरडे लागले तरच पाणी घालू लागलो. रुजलेल्या ताटव्याला पावसाशिवाय फारसे काही लागले नाही.

एका झाडाला मात्र पाकळ्यांच्या जागी हिरवे, वेडेवाकडे पानांचे झुबके आले. हा रोग तुडतुडे पसरवतात. आपल्या वांग्यावरचा पर्णगुच्छही याच जातीच्या सूक्ष्म जंतूंमुळे होतो, हे शेतकरी वाचकांच्या लक्षात येईल. त्यावर औषध नाही. झाड मुळासकट उपटून टाकावे लागले.

बाकी ताटवा फुलला आणि मधमाश्या, फुलपाखरे यांची वर्दळ सुरू झाली. वाळलेली बोंडे मुलीने कापू दिली नाहीत. सप्टेंबरात पिवळे फिंच पक्षी त्यांवर बसून बी टिपत होते. परक्या देशात, गाडी चालवता येत नाही आणि दिवस जाता जात नाही, अशा वेळी त्या तासाभराच्या वाकण्या-उठण्याने माझे गुडघे मोकळे राहिले आणि झोपही नीट लागू लागली. या फुलाचा मला झालेला फायदा हा, आणि तो खात्रीचा.

बाटलीतले फूल

आता औषधाकडे वळू. तिथल्या माळरानावरचे आदिवासी या झाडाचे मूळ दातदुखीवर आणि घसा दुखल्यावर चघळत, सर्पदंशावरही लावत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेब्रास्कातल्या मेयर नावाच्या औषध विक्रेत्याने त्याचे 'रक्तशुद्धी'चे औषध काढले. १९३० च्या दशकात ते जर्मनीत पोचले आणि पुढे जगभर 'सर्दीवरचे झाडपाल्याचे औषध' म्हणून खपू लागले.

पण ते लागू पडते का? २००५ साली अमेरिकेत सुमारे चारशे निरोगी लोकांवर प्रयोग झाला. काहींना या मुळाचा अर्क, काहींना नुसते तसेच दिसणारे द्रव्य दिले आणि सर्दीचे विषाणू नाकात सोडले. दोन्ही गटांत फरक पडला नाही. २०१४ साली कॉक्रेन या संस्थेने चोवीस प्रयोग एकत्र तपासले. सर्दी बरी होण्यास मदत होते, असे ठामपणे दिसले नाही. सर्दी टळण्यात झालाच तर किरकोळ फायदा. शिवाय जात वेगळी, मूळ की पान हे वेगळे, काढण्याची रीत वेगळी. एका बाटलीतला माल दुसरीत असेलच असे नाही.

कोणी घेऊ नये?

पहिले, आमवातासारखे रोग असणाऱ्यांनी. आमवातात प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते, ती वाट चुकलेली असते. घरच्या राखणदाराने घरच्यांवरच काठी उगारावी तशी ती आपल्याच सांध्यांवर उठते. आमच्या गोळ्या तिला आवरतात. तिला चेतवण्याचा दावा करणारे औषध अशा वेळी घेणे हा उलटा कारभार आहे. याच कारणासाठी क्षयरोग आणि एचआयव्ही असणाऱ्यांनीही ते घेऊ नये, असा जर्मनीतल्या तज्ज्ञ समितीचा सल्ला होता. अवयव बदलल्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हे दूरच ठेवावे.

दुसरे, ज्यांना गाजरगवत, झेंडू किंवा शेवंतीने अंगाला खाज, शिंका किंवा दमा होतो त्यांनी. गाजरगवत हे याच कुळातले, आणि त्याचा त्रास असणारे आपल्या तालुक्यात घरोघरी आहेत. तिसरे, बारा वर्षांखालील मुले. त्यांना होणाऱ्या ॲलर्जीमुळे ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी २०१२ साली मुलांना हे देऊ नये, असे सांगितले.

परत येताना कोणी याचे बी सामानात टाकूनही आणू नये. परवान्याशिवाय बियाणे आणण्यास कायद्याने मनाई आहे.

आजींना मी रागावलो नाही. मुलाने मायेने पाठवले, त्यांनी विश्वासाने घेतले. चूक एवढीच की दोघांपैकी कोणी विचारले नाही. त्यांच्या जुन्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. सूज उतरायला काही आठवडे लागतील. निघताना त्यांनी विचारले, "मग मुलाला काय सांगू?" मी म्हटले, "बाटली नको म्हणावं. अंगणात या फुलाची चार रोपं लाव, मी आले की पाणी घालीन. पण बेतानं!"

वाचकांना एकच विनंती. परदेशातून आलेली असो की वैदूकडून आणलेली, झाडपाल्याची प्रत्येक बाटली, पुडी एकदा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आणि चालू असलेली गोळी त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.