फाटकापासून ओसरीपर्यंत

लष्करातील जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘अंगण’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. दिंडी ओलांडली की चौक, चौकात तुळशीवृंदावन, पहाटेचा सडा आणि त्यावरची रांगोळी, हा सारा क्रम पायांनाच ठाऊक असे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीभोवती वसत गेलेल्या त्या वस्तीत टांगा दिंडीबाहेरच थांबे. आत येत ती केवळ माणसे.

सिटी सेंटरमध्ये ही रचना उलटली. जिवाजी विद्यापीठाच्या आसपास वाढलेल्या या नव्या वस्तीत घरात प्रथम प्रवेश करते ती मोटार. फाटकापासून ओसरीपर्यंतच्या तिच्या रस्त्याला मराठीत रुळलेले नावदेखील नाही. आपण तिला तूर्त गाडीवाट म्हणू. वाड्यातून निघालेल्या आपल्या कुटुंबांना अंगण म्हणून जे काही उरले आहे ते या गाडीवाटेच्या कडेला, आणि तेही आपण स्वतःच्या हाताने बुजवीत आहोत, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आम्ही येथे घर बांधले तेव्हा मुलगा म्हणाला, “बाबा, पुढची सगळी जागा एकदाची फरशीची करून टाकू. चिखल नको, तण नको, झाडलोटही सोपी.” मला ते पटले. फरशी झाली, लखलखीत दिसली. आईने तिच्याकडे पाहून एवढेच विचारले, “अरे, मग सडा कुठे घालू?” आम्ही हसलो.

ते हसू पहिल्याच उन्हाळ्यात मावळले. ग्वाल्हेरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, हे काही नवे नव्हते. पण दिवसभर तापलेली फरशी रात्री जेवणे आटोपली तरी अनवाणी पायाला सोसेना. पुढे जुलैत पहिला जोराचा पाऊस झाला. निम्मे पाणी ओसरीत शिरले व उरलेले फाटकातून धावत सुटले. मोटार सहज चढावी म्हणून रस्त्याकडच्या नालीवर आम्ही जो सिमेंटचा उतार ओतला होता, त्याने नालीचे तोंडच दाबले गेले होते. ते पाणी शेजारच्या सखल घराच्या उंबऱ्याशी जाऊन थांबले. शेजारच्या काकू एका शब्दानेही बोलल्या नाहीत. त्याचेच अधिक वाईट वाटले.

मग हिशेब मांडला. एक हजार चौरस फूट पक्क्या जमिनीवर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे 2,360 लिटर पाणी जमा होते. एवढे पाणी एका पावसात आपण रस्त्यावर लोटतो. आणि हे कोणत्या गावात? जेथे पाण्यासाठी 1916 साली विश्वेश्वरय्यांच्या मार्गदर्शनाखाली सांक नदीवर तिघरा धरण उभारावे लागले, आणि जेथे आजही तिघरा भरला नाही की नळाचे पाणी एक दिवसाआड येऊ लागते! आपल्याकडचा पाऊस बहुतेक सारा जुलै ते सप्टेंबरमध्ये येऊन जातो. त्या तीन महिन्यांत जमिनीने जे प्यावे, त्यावरच विहिरी आणि कूपनलिका वर्षभर जगतात.

आम्ही फरशी उखडली. संपूर्ण नव्हे, कारण मोटारीला लागते ती केवळ चाकांपुरती वाट. दोन-दोन फूट रुंदीचे दोन पट्टे आणि मध्ये अडीच-तीन फुटांची मोकळी जागा एवढ्यावर लहान मोटार सुखाने जाते. पट्ट्यांसाठी ग्वाल्हेरचाच वालुकाश्म वापरला. खाली खडी आणि वाळू, आणि सांध्यांत सिमेंटऐवजी पुन्हा वाळूच. मधल्या जागेत दूर्वा लावल्या. मोटार जेथे नित्य उभी राहते तेथे मात्र दूर्वा सावलीने आणि गळणाऱ्या तेलाने मरतात; तेथे नुसती बारीक खडी बरी. वाटेचा उतार घराकडून बाहेर, पन्नास फुटांना एक फूट, इतका पुरे. फाटकाबाहेरचा उतारही फोडला आणि नालीवर लोखंडी जाळी बसविली.

सर्वांत मोठी चूक वाफ्यांची होते. शोभेसाठी आपण वाफा विटांची कड घालून उंच बांधतो. मग फरशीवरचे पाणी त्याला शिवतसुद्धा नाही, उलट त्यातली माती वाहून वाटेवर येते. वाफा फरशीपेक्षा दोन-तीन इंच खाली हवा. पाणी आपल्या पायांनी त्यात येते, थांबते आणि मुरते. मोकाट पाणी उघड्या मातीचे काय करते, हे पाहायला मुरैना-भिंडकडच्या चंबळेच्या घळी फार दूर नाहीत.

झाडे निवडताना ऊन, लू आणि जानेवारीचे दाट धुके या तिन्हींचा विचार करावा. कुंपणाला मेंदी उत्तम. कण्हेर कमी पाण्यावर फुलते, परंतु तिचे प्रत्येक अंग विषारी असते. घरात लहान मूल असेल तर टाळावी. फाटकाजवळ गुडघ्याहून उंच झुडूप नको, कारण मागे येणाऱ्या मोटारीला रस्त्यावरचे पोर दिसले पाहिजे. पिंपळ-उंबराची मुळे फरशी उचलतात. त्यांची जागा मोकळ्या मैदानात. कडुनिंब लावायचाच तर भिंतीपासून दूर, पश्चिमेला, म्हणजे दुपारचे ऊन तोच अडवील. जागा थोडी असेल तर पारिजातक, ज्याला येथे हरसिंगार म्हणतात, तो पुरेसा आहे. मोठ्या हिरवळीचा हव्यास मात्र येथल्या पाण्याला परवडणारा नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पाणी ओसरीत आले नाही, आणि काकूंच्या उंबऱ्याशीही गेले नाही. फाटकाच्या आत डाव्या हाताला चार फूट लांबरुंद मातीची जागा आम्ही मुद्दाम उघडी ठेवली आहे. मुलगा संध्याकाळी मोटार आत घेताना ती जागा चुकवून, जरा वळसा घेऊनच येतो.

आईला आता वाकवत नाही. सडा सूनबाई घालते, रांगोळी नात काढते, आणि आश्विनात पारिजातकाची फुले त्या रांगोळीवर पडलेली असली की आई ओसरीतूनच सांगते, “झाडू नका गं, राहू देत.”