पऱ्हाटीची गोळी

न्हावा शेवा हे डब्यांचं बंदर, कोळशाचं नव्हे. तरी आज द्रोणागिरीच्या यार्डात मी कोळशाचाच एक भिडू उतरताना बघतोय. चाळीस फुटी कंटेनरचं सील तुटतं, दार करकरत उघडतं, आतल्या लाकडी खोक्यांचा कोंदट वास अंगावर येतो. चीनहून आलेलं यंत्र, जायचंय नागपूरकडे.

फोर्कलिफ्ट पहिला खोका टेकवते. उरणचाच एक माथाडी फळी उचकटतो. आत ग्रीस माखलेलं जाडजूड पोलादी कडं, सगळीकडून आरपार भोकं पाडलेली. करंगळीही शिरणार नाही.

"यो कशाचा, दादा?"

यंत्राचा एजंट खिशातून प्लास्टिकची पुडी काढून गोळ्या तळहातावर ओततो. बोटाच्या पेराएवढ्या, तपकिरी, चकचकीत. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा, भुगा रोलरखाली दाबून या भोकांतून काढतात. घर्षणाने तो तापतो, काडीतलंच लिग्निन मऊ होतं आणि निवलं की डिंकासारखं धरून ठेवतं. मी एक गोळी हुंगतो. वैशाखातल्या रानाचा वास.

"शेतात फुकट पेटवतात, ते बॉयलरमध्ये घालायचं," एजंट सांगतो. कपाशीने गेल्या हंगामात हवेतून घेतलेला कार्बनच परत हवेत जातो. कोळशातला कोट्यवधी वर्षं गाडलेला असतो. केंद्राच्या २०२१च्या धोरणाने कोळशाच्या वीजकेंद्रांना ५ टक्के गोळ्या मिसळायला सांगितलं. फार वाढवल्या, तर कोळसा दळायच्या गिरणीतच पेट घ्यायची धास्ती.

५ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला सुमारे ७ हजार टन कोळसा खातो. त्याचे ५ टक्के म्हणजे ३५० टन, वीसेक ट्रक, तेही रोज. पऱ्हाटी उपटायची वर्षातून एकदा. बाकीचे महिने ती कुठेतरी रचून ठेवायची. त्या ट्रकांच्या डिझेलचा हिशेब मी विचारतो, तेवढ्यात एजंटाचा फोन वाजतो.

माथाडीला हिशेबाशी देणंघेणं नाही. तो पाण्याच्या ग्लासात एक गोळी टाकतो. आधी बुडबुडे, मग भेगा. चहा संपेपर्यंत तळाशी नुसता भुसा.

"मंग पावसाल्यान?"

"शेड लागते. पक्की." एजंट फोन खिशात घालतो, उरलेल्या गोळ्या पुडीत भरतो आणि तिला दुहेरी गाठ मारतो.