छपराखाली जपलेली भेग

• घटना : १७ जानेवारी १९९५, पहाटे ५.४६. जपानमधील कोबे शहर आणि आवाजी बेटाला ७.३ तीव्रतेचा धक्का. मृतांची संख्या ६,४३४. आवाजीवर नोजिमा प्रस्तरभंगालगत सुमारे १० किलोमीटर जमीन फाटली.

• संग्रहालय : या भेगेचा १४० मीटरचा पट्टा छप्पर घालून जागेवरच जतन केला आहे. १९९८ पासून तो लोकांसाठी खुला आहे. सरळ रेषेतली नाली आणि कुंपण भेगेपाशी तुटून बाजूला सरकलेले दिसतात. खोदलेल्या चरात जमिनीखालचे सरकलेले थरही पाहता येतात.

• भेगेला खेटून घर : काँक्रीटचे हे घर कोसळले नाही, त्याच्या आवारातली भिंत मात्र सरकली. आत स्वयंपाकघर भूकंपानंतरच्या अवस्थेत पुन्हा मांडले आहे : फुटलेली भांडी, पसरलेला संसार. घर टिकले तरी भिंतीला न बांधलेले कपाट जिवावर बेतू शकते, हा धडा इथे वेगळा सांगावा लागत नाही.

• आपल्याकडे : २००१ च्या कच्छ भूकंपाचे स्मृतिवन संग्रहालय भुजच्या भुजियो डुंगरावर २०२२ मध्ये सुरू झाले. तिथे हादऱ्याचा अनुभव देणारे दालन आहे.