लहान गावाच्या बाजारपेठेतील ऐतिहासिक व्यापारी इमारती : मॅडिसन (इंडियाना) या गावाच्या निमित्ताने

प्रस्तावना :

वास्तुवारशाचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर सामान्यतः किल्ले, देवालये आणि राजवाडे येतात. कापड, औषधे वा लोखंडी सामान विकण्यासाठी बांधलेल्या इमारतींकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले जाते. अमेरिकेतील लहान गावांच्या मध्यवर्ती बाजारपेठांचा, म्हणजे तेथील भाषेत ‘मेन स्ट्रीट’चा, अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. एकोणिसाव्या शतकातील ही दुकाने कशी रचली गेली आणि ती टिकण्यास वा पडण्यास कोणती कारणे निर्णायक ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. दर्शनी भागाच्या रक्षणापेक्षा वरच्या मजल्यांचा वापर हा अधिक मूलभूत प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इमारतींची रचना :

वास्तु-इतिहासकार रिचर्ड लाँगस्ट्रेथ यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा इमारतींचे वर्गीकरण केले आहे. त्यांपैकी सर्वांत रूढ प्रकार दोन ते चार मजल्यांचा असून त्याचे दर्शनी दृष्ट्या दोन स्पष्ट भाग पडतात : खाली दुकान आणि वर इतर उपयोगाच्या खोल्या. आपल्याकडील पेठांतील ‘खाली दुकान, वर माडी’ ही मांडणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे अपरिचित वाटणार नाही. तेथे मात्र वर बिऱ्हाडांप्रमाणेच वकील, दंतवैद्य, छायाचित्रकार आणि बंधुसंघांची सभागृहे यांनाही जागा असे.

या मांडणीचे मूळ जमिनीच्या वाटणीत आहे. रस्त्यालगतची जागा महाग असल्याने भूखंड अरुंद आणि खोल पाडले जात. वीस-पंचवीस फूट रुंदी आणि तिच्या चौपट-पाचपट खोली हे प्रमाण सर्रास आढळते. दोन्ही बाजूंच्या विटांच्या भिंती बहुधा शेजाऱ्याशी सामाईक असत आणि मजल्यांच्या तुळया या भिंतींवर आडव्या टेकत. त्यामुळे समोरच्या भिंतीवर मजल्यांचा भार फारसा येत नसे. बिडाचे बारीक खांब उभारून त्यांवर एक तुळई टाकली की तळमजल्याचा दर्शनी भाग जवळजवळ संपूर्ण काचेचा करता येई. खोल दुकानाच्या पाठीमागच्या भागात उजेड पोचावा म्हणून दारावर आणि प्रदर्शनी काचांवर तावदानांची वेगळी पट्टी बसवीत.

वरच्या भागाचे स्वरूप निराळे असे : उंच, अरुंद खिडक्या आणि माथ्यावर पुढे आलेले नक्षीदार कॉर्निस. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे कॉर्निस दगडाऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे येऊ लागले. सेंट लुईस येथील मेस्कर ब्रदर्स आणि इव्हान्सव्हिल येथील जॉर्ज एल. मेस्कर अँड कंपनी या भावाभावांच्या दोन स्वतंत्र कंपन्या छापील सूचिपत्रे पाठवून असे संपूर्ण दर्शनी भाग रेल्वेने गावोगावी पुरवीत. गावाचे ‘स्थानिक’ वैशिष्ट्य म्हणून आज ज्याचे कौतुक होते, ते पुष्कळदा टपालाने मागविलेले असते, ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये.

मॅडिसनचे उदाहरण :

ओहायो नदीच्या काठी १८०९ मध्ये वसलेले मॅडिसन हे जलवाहतुकीमुळे भरभराटीस आलेले गाव होय. इंडियानातील पहिला लोहमार्ग येथून निघून १८४७ मध्ये इंडियानापोलिसला पोचला. परंतु पुढे इतर लोहमार्गांनी व्यापार अन्यत्र वळविला आणि गावाची वाढ मंदावली. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा न राहिल्याने जुनी बाजारपेठ टिकली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शासनाने ‘द टाउन’ हा माहितीपट येथेच चित्रित करविला. त्याचे दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग होते. १९७३ मध्ये या भागाची राष्ट्रीय सूचीत नोंद झाली आणि २००६ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

तथापि राष्ट्रीय सूचीतील नोंदीचे सामर्थ्य मर्यादित असते. १९६६ च्या कायद्यानुसार केंद्रीय निधी वा परवाना गुंतलेला नसल्यास, केवळ नोंदीमुळे खाजगी मालकास आपली इमारत पाडण्यापासून रोखता येत नाही. ते काम स्थानिक नियमांचे. म्हणूनच १९७७ मध्ये नॅशनल ट्रस्टने मॅडिसन, गेल्सबर्ग (इलिनॉय) आणि हॉट स्प्रिंग्ज (साउथ डकोटा) या तीन गावांत सुरू केलेला प्रयोग महत्त्वाचा ठरतो. वास्तूंच्या दुरुस्तीइतकेच दुकानदारांचे संघटन, प्रसिद्धी आणि आर्थिक पुनर्रचना यांना त्यात स्थान होते. करसवलतीचीही जोड आहे : उत्पन्न देणाऱ्या नोंदणीकृत ऐतिहासिक इमारतीच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीवरील खर्चाच्या २० टक्के रक्कम करातून वजा होते. १९३६ पूर्वीच्या नोंद नसलेल्या इमारतींना मिळणारी १० टक्के सवलत मात्र २०१७ च्या कायद्याने रद्द केली. लहान मालकांच्या दृष्टीने हा निर्णय प्रतिकूलच म्हणावा लागेल.

वरच्या मजल्याचा प्रश्न :

तळमजल्याचा दर्शनी भाग बदलता राहणे हा या इमारतींचा स्वभावच होय. १९३०-४० च्या दशकांत बसविलेल्या रंगीत काचेच्या दर्शनी भागांनाही आज स्वतंत्र ऐतिहासिक मूल्य लाभले आहे. खरी हानी वर होते. मऊ विटांच्या दरजा चुन्याऐवजी कडक सिमेंटने भरल्या की ओलावा विटेतून बाहेर पडू लागतो आणि वीट फुटते. पण अशी चुकीची दुरुस्ती निदान दिसते. रिकाम्या मजल्यावर गळणारे छप्पर कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मजला रिकामा पडण्याचे एक कारण अगदी साधे आहे, ते म्हणजे जिना. रस्त्यावरून वर जाणारा अरुंद जिना काढून टाकला की दुकानास चार फूट अधिक रुंदी मिळते. अनेक मालकांनी तो काढला आणि वरचे मजले कायमचे बंद झाले. पुन्हा वापर सुरू करावयाचा तर आगप्रतिबंधक नियमांनुसार बाहेर पडण्याचे दोन मार्ग हवेत, आणि वीस फुटांच्या इमारतीत दोन जिने बसविणे जवळजवळ अशक्य. न्यू जर्सी राज्याने १९९८ मध्ये जुन्या इमारतींसाठी स्वतंत्र नियमावली करून या अडचणींतून काही वाट काढली. काही गावांत शेजारच्या दोन मालकांनी सामाईक भिंतीत आगरोधक दार बसवून एकमेकांचे जिने वापरण्याचा मार्ग स्वीकारला आहे. त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो. आणि शेजारची इमारत विकली गेल्यास नव्या मालकावरही तो बंधनकारक राहील, अशी तरतूद आधीच करून ठेवावी लागते.