क्रम आणि संबंध : लिनक्समधील सेवाव्यवस्थापनाच्या दोन पद्धती

संगणक सुरू होताना लिनक्सचे कर्नल सर्वप्रथम एकच प्रक्रिया सुरू करते. तिचा क्रमांक १ असतो आणि इतर सर्व सेवा तिच्या आधारे उभ्या राहतात. ती कशी रचावी याविषयीचा वाद तांत्रिक असला, तरी संहितेच्या वाचनीयतेशी निगडित असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकांनाही तो उद्बोधक ठरतो.

जुनी पद्धत युनिक्सच्या १९८३ मधील ‘सिस्टीम फाइव्ह’कडून आली. तीत प्रत्येक सेवेची स्वतंत्र आज्ञासंहिता असते व नावातील क्रमांकानुसार त्या एकामागून एक चालतात. हे स्वरूप कथनाचे आहे. सुपेल्यातील एखाद्या ग्रंथालयाने जुन्या मराठी नियतकालिकांचा संग्रह संगणकावर ठेवला आहे, असे समजू. वीज जाऊन परत आली, की आधी नेटवर्क, मग डेटाबेस, मग संग्रहाचे पान असा क्रम लागतो. मधली पायरी अडून राहिली, तर पुढच्या खोळंबतात. डेटाबेस नंतर बंद पडला, तर ही पद्धत त्याला आपणहून उठवत नाही. मात्र संहितेची प्रत्येक ओळ जाणकाराला वाचता व बदलता येते.

लेनार्ट पॉटरिंग व के झीवर्स यांनी २०१० मध्ये पुढे आणलेल्या ‘सिस्टीमडी’त कथनाची जागा विधानांनी घेतली. सेवांचे परस्परसंबंध नोंदवायचे. परस्परनिरपेक्ष सेवा यंत्रणा एकाच वेळी सुरू करते व तशी सूचना असल्यास बंद पडलेली सेवा पुन्हा उभी करते. याचे मोलही द्यावे लागते. तिच्या कार्यनोंदी बायनरी स्वरूपात असतात. खास साधनाविना त्या वाचता येत नाहीत. शिवाय अनेक कामे एकाच प्रकल्पात एकवटल्याने त्यांतील एखादे बदलणे अवघड होते.

फेडोराने २०११ मध्ये सिस्टीमडी स्वीकारली. डेबियनच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४ मध्ये मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने तिची निवड झाली. असहमतांनी त्याच वर्षी ‘देवुआन’ ही वेगळी शाखा जाहीर केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारित असल्यामुळे हा वाद आपल्यापासून दूरचा नाही.

आज बहुतेक प्रमुख लिनक्स प्रणालींत सिस्टीमडीच आढळते. संग्रह अखंड उपलब्ध राहावा, यासाठी ती उपयुक्तच आहे. तथापि, बिघाडानंतर त्याची कारणे कोणत्याही यंत्रावर वाचता यावीत, म्हणून कार्यनोंदींची साधी मजकुरी प्रतही ठेवणे इष्ट. तशी सोय नव्या पद्धतीत आहे. ती योजण्याची जबाबदारी मात्र संग्रह सांभाळणाऱ्याची आहे.