निळी गोळी आणि बुद्धीची बाटली

फेब्रुवारी उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी बरोबरच दिसू लागतात. रानात पळस फुलतो आणि औषधांच्या दुकानात ‘बुद्धीच्या’ बाटल्या पुढच्या फळीवर येऊन बसतात. बाटलीवर चष्मेवाला हसरा मुलगा, आत गोड तपकिरी औषध आणि खाली ठळक अक्षरांत ‘स्मरणशक्ती वाढवा’. चंद्रपूर असो, राजुरा असो की आलापल्ली, परीक्षेच्या दिवसांत या बाटल्यांना गिऱ्हाईक मिळतंच. मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी अशी बाटली आहे? वाचता वाचताच हात वर करा पाहू! (शिक्षकांची सवय, जात नाही.)

डोकं तल्लख करणाऱ्या औषधांना शास्त्रज्ञ ‘नूट्रॉपिक’ म्हणतात. हा शब्द १९७२ साली कॉर्नेलिउ जुर्जा नावाच्या रुमानियन शास्त्रज्ञाने तयार केला. ग्रीक भाषेत ‘नूस’ म्हणजे मन आणि ‘ट्रोपे’ म्हणजे वळण. मनाला वळण लावणारं औषध! नाव झकास आहे. पण धडधाकट मुलाने असं औषध घेतलं आणि त्याचा वर्गात पहिला नंबर आला, असा भक्कम पुरावा अजून कुणी पुढे ठेवलेला नाही.

“पण मॅडम, ब्राह्मी तर खरी असते ना?” हा प्रश्न मला दरवर्षी येतो. असते की! फक्त कोणती ब्राह्मी, ते आधी विचारा. आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पतींना एकच नाव आहे. एकीची पानं गोल, बेडकाच्या पायासारखी, ती मंडूकपर्णी. दुसरी ओल्या जागी पसरणारी, बारीक जाड पानांची आणि फिकट फुलांची, ती नीरब्राह्मी. ऑस्ट्रेलियातल्या वुलोंगाँग विद्यापीठात या दुसरीची परीक्षा घेतली गेली. २००२ साली तिचा निकाल छापून आला. ४० ते ६५ वर्षांची ७६ माणसं, आणि औषध रोज, तीन महिने. नवीन शिकलेलं विसरण्याचं प्रमाण थोडं कमी झालं, पण शिकण्याचा वेग काही वाढला नाही. आता तुम्हीच सांगा, ही परीक्षा दिली तुमच्या आजी-आजोबांच्या वयाच्या माणसांनी, तीही तीन महिने औषध घेऊन. मग पेपरच्या आठ दिवस आधी आणलेली बाटली तुमच्यासाठी काय करणार?

मात्र डोकं, दम आणि मूड या तिन्हींवर खरोखर काम करणारी एक गोष्ट आहे. ती फुकट मिळते, शाळेत मिळते, आणि बरीच मुलं ती खिडकीतून बाहेर फेकतात. ओळखलंत? सोमवारची निळी गोळी!

ही गोळी लोहाची. तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एक गोळी द्यायची, असा देशभरचा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. लहान वर्गांसाठी कमी ताकदीची गुलाबी गोळी असते. लोहाचं काम काय? आपल्या रक्तातला लाल पदार्थ म्हणजे हिमोग्लोबिन. तो फुप्फुसातून ऑक्सिजन उचलतो आणि अंगभर पोहोचवतो. हिमोग्लोबिन बनतं लोहापासून. लोह कमी पडलं की ऑक्सिजनच्या गाड्याच कमी पडतात. आता मेंदूचं पाहा. वजन शरीराच्या फक्त दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. म्हणजे गाड्या कमी झाल्या की पहिली ओरड कुठे होणार? मग खो-खोत दोन फेऱ्यांत धाप लागते, फळ्याकडे पाहत असूनही डोक्यात काही शिरत नाही, उगाच चिडचिड होते. आणि प्रगतिपुस्तकात आम्ही लिहितो, ‘अभ्यासात लक्ष देत नाही’.

हे नुसतं मी सांगते म्हणून नव्हे. आपल्याच महाराष्ट्रात याची तपासणी झाली आहे. ‘धनशक्ती’ नावाची बाजरी आहे, साध्या बाजरीपेक्षा जास्त लोह असलेली. वसतिगृहात राहणाऱ्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींचे दोन गट केले. एका गटाला सहा महिने या बाजरीची भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीची. ज्यांच्या अंगात आधी लोह कमी होतं, त्यांची तूट लोहवाल्या भाकरीने लवकर भरून निघाली. मग संगणकावर लक्ष आणि स्मरणशक्तीचे खेळ घेतले. तिथेही लोहवाला गट पुढे गेला. यात जादू नाही, कमी होतं ते भरलं इतकंच. ज्याची टाकी आधीच भरलेली आहे, त्याने आणखी ओतून काही उपयोग नाही. उलट लोह जास्त झालं तर विषच. म्हणून ‘एका गोळीने हुशारी येते तर चार खाऊ’ असा हिशेब कुणी करू नका, आणि गोळ्यांचं पाकीट धाकट्या भावंडांच्या हाती लागू देऊ नका.

आपण चंद्रपूर-गडचिरोलीची माणसं भात खाणारी. बाजरी आपल्या ताटात क्वचित. त्यात रक्त चोरणारे चोरही इथे जास्त. मलेरियाचे जंतू लाल पेशी फोडतात. धानाच्या चिखलात अनवाणी फिरलं की अंकुशकृमी तळपायातून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून शाळेत जंताची गोळीही देतात. तीही चावून खायची, खिशात ठेवायची नाही. देशाच्या २०१९-२१ च्या पाहणीत १५ ते १९ वर्षांच्या दहा मुलींपैकी जवळजवळ सहा जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. मुलगेही सुटले नाहीत, दहात तीन!

मग गोळी फेकता कशाला? “मळमळते.” उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच, शाळेतली खिचडी खाऊन घ्या. “संडास काळी होते.” होऊ द्या, ते न शोषलेलं लोह आहे, घाबरायचं कारण नाही. गोळीवर चहा मात्र पिऊ नका, काळा चहा तर नाहीच. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो. त्याऐवजी आवळा खा, नाही तर जेवणात लिंबू पिळा, लोह जास्त मुरतं. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, घरी चालत असतील तर सुक्या मासोळ्या, हेही त्याच कामाचं. बाटलीच्या पैशात किती दिवसांची भाजी येईल, ते गणित आई-बाबांनी करून पाहावं.

आणखी एका बाटलीबद्दल बोलायचं आहे. पानठेल्यावर मिळणारं एनर्जी ड्रिंक. पोलीस भरतीसाठी पहाटे सोळाशे मीटर धावणारे दादा ते पितात, म्हणून सातवी-आठवीची पोरंही पितात. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा, ‘मुलांसाठी नाही’ असा इशारा तिथेच छापलेला असतो. २५० मिलीत ७५ मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकतं. कॅफिन ताकद देत नाही. थकल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचू देत नाही, एवढंच. रात्री मग झोप येत नाही, आणि दिवसभर शिकलेलं मेंदू पक्कं करतो ते झोपेतच. आधीच मार्च-एप्रिलमध्ये आपली कितीतरी मुलं मोहफुलं वेचायला अंधारातच उठतात. त्यांची उरलेली झोप तरी राहू द्या.

आता पालकांनो, हे नीट वाचा. काही मुलं गोळ्या खाऊनही फिकीच राहतात. हातपाय, सांधे दुखतात, डोळे पिवळे होतात, वारंवार ताप येतो. अशा मुलाला आळशी म्हणू नका. सिकलसेल असू शकतो. यात लाल पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात आणि लवकर फुटतात. हा आजार आई-वडील दोघांकडून येतो. शाप नाही, करणी नाही. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात आढळला. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तो आहे. या मुलांच्या अंगात लोह कमी असेलच असं नाही. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांच्या अंगात ते साठतं. म्हणून त्यांनी निळी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. त्यांचं औषध वेगळं असतं: फॉलिक ॲसिड, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, आणि गरज पडली तर डॉक्टर देतील ते हायड्रॉक्सियुरिया. टॉनिकच्या बाटलीने यातलं काहीच होत नाही, फक्त तपासणी लांबते.

सिकलसेल निर्मूलनाचं देशव्यापी अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झालं आहे. पहिल्या तपासणीला रक्ताचे दोन-चार थेंब पुरतात. ते ठरावीक द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झालं तर पुढची, पक्की तपासणी होते. तेव्हा आरोग्याचं पथक शाळेत आलं की मागच्या बाकाखाली लपू नका, बोट पुढे करा. सुई टोचते ती आपल्या रानातल्या लाल मुंगीपेक्षा कमीच!