वर्गणीचें गाणें

लालबाग-परळच्या चाळींत हळदीची रात्र म्हटली कीं पटांगणांत दोन स्पीकर, एक मेज व त्यामागें उभा असलेला डीजेवाला आलाच. एके काळीं त्याच जागीं ग्रामोफोन आणि कर्णा येई. मागाहून कॅसेट आली, सीडी आली. साधनें बदललीं, तरी तबकडी असो वा कॅसेट, ती वाजविणाराच्या पेटींत असे व पेटी त्याच्या ताब्यांत असे. आतां पेटीची जागा मासिक वर्गणीनें घेतली आहे. शे-दोनशें रुपये भरले कीं कोट्यवधि गाणीं मोबाइलवर हजर! हा सौदा इतका स्वस्त कां, याचा विचार हातावर पोट असलेल्या डीजेवाल्यानें आधीं केला पाहिजे.

वर्गणी हा शब्द गिरगांवकरांस नवा नाहीं. केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ सालीं सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तेव्हांपासून तो त्यांच्या ओळखीचा आहे. परंतु उत्सवाची वर्गणी एकानें दिली तरी दर्शन सर्वांना घडतें. ॲपची वर्गणी ज्यानें दिली त्याच्याच कानापुरती असते. स्पॉटिफायसारख्या सेवेच्या करारांत 'वैयक्तिक व अव्यापारी उपयोग' अशी स्पष्ट अट आहे. पैसे घेऊन दोनशें पाहुण्यांना नाचविणें त्या अटींत बसत नाहीं. जुलै २०२० पासून तर स्पॉटिफायचीं गाणीं डीजेच्या सॉफ्टवेअरमध्यें वाजेनाशीं झालीं. २०२५ सालीं कांहीं देशांत ही वाट पुन्हा उघडली, पण कराराची अट कायम राहिली.

येथें पुष्कळांचा घोटाळा होतो. लग्नाच्या गाण्यांना परवाना लागत नाहीं असें कोणीं तरी सांगितलेलें असतें, आणि तें खोटें नाहीं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमानें खऱ्या धार्मिक समारंभांतील वादनाला सूट दिली असून, लग्नाची वरात व लग्नाशीं संबंधित समारंभ त्यांतच धरले आहेत. एरव्हीं, म्हणजे हॉटेलांतील नववर्षाच्या रात्रीसारख्या प्रसंगीं, ध्वनिमुद्रणाचे हक्क सांभाळणारी पीपीएल आणि कवि-संगीतकारांची आयपीआरएस यांच्याकडे पाहावें लागतें. परंतु लग्नाची ही सूट कायद्यापुरती आहे. ॲपशीं केलेला करार निराळा. तो हळदीच्या मांडवांतहि सुटत नाहीं, आणि तो मोडल्यास सेवा खातें बंद करूं शकते. ऐन लग्नसराईंत खातें बंद पडलें, तर वर्षभर जमविलेल्या याद्या एका क्षणांत हातच्या जातात.

शिवाय वर्गणीचें गाणें आज आहे म्हणून उद्यां असेलच असें नाहीं. मार्च २०२३ मध्यें झी म्युझिकचीं गाणीं स्पॉटिफायवरून नाहींशीं झालीं. रेसो ही सेवा तर जानेवारी २०२४ अखेर भारतांत बंदच झाली. यजमानाला हीं कारणें सांगून भागत नाहीं. मागितलेलें गाणें लागलें नाहीं एवढेंच त्याला दिसतें, आणि उरलेले पैसे देतांना तेंच त्याला आठवतें.

त्यांत गर्दीची अडचण. एका टॉवरची शक्ति ठराविक असते व ती आसपासच्या सर्व मोबाइलांत वांटली जाते. गणपतीच्या दिवसांत लालबागच्या रस्त्यावर मुंगीला वाट नसते. तेथें गाण्याचा प्रवाह मध्येंच थबकला तर नवल काय? डीजेला तर पहिलें गाणें संपण्यापूर्वीं दुसरें तयार हवें असतें. ॲपमध्यें उतरवून ठेवलेलें गाणेंहि सहसा ॲपच्याच कुलुपांत राहतें; तें पेन-ड्राइव्हवर नेतां येत नाहीं. इकडे रात्रीं दहाला ध्वनिक्षेपक बंद करावयाचा असतो. साडेनऊला थबकलेलें गाणें पावणेदहाला सुरू झालें, तर नाचणाऱ्यांची ती पंधरा मिनिटें कोण भरून देणार?

म्हणून मुरलेला डीजेवाला वर्गणी घरीं वापरतो: नवें काय चाललें आहे तें ऐकतो, चाल व ठेका पारखतो. मांडवांत मात्र तो रीतसर विकत घेतलेल्या फाइली नेतो, आणि त्यांची दुसरी प्रत वेगळ्या पेन-ड्राइव्हवर ठेवतो. खर्च थोडा अधिक येतो खरा. पण हळदीला तींच तींच पन्नास-साठ गाणीं फिरून फिरून मागितलीं जातात. बाकीचीं वधूच्या घरच्यांकडून दोन दिवस आधीं लिहून घेतलीं कीं झालें. त्यांत एखादें आजीच्या आवडीचें जुनें कोळीगीत हटकून निघतें, आणि नेमकें तेंच शोधायला सर्वांत अधिक वेळ लागतो.